भाऊबीजेचा डबा कुठवर आला

नवेगाव बांध,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०१४

तीर्थरूप सौ. गंगाबाईस,
धाकट्या ग्यानीरामचा पाया पडून नमस्कार. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत, म्हणजे धान कापणीला आलं आहे, म्हैस दूध देते आणि तुझी भावजय राजकुमारी माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझा खांदा कसा आहे? तुझ्या मालकांचा, आमच्या भाटव्यांचा, खोकला? (त्यांना म्हणावं, तंबाखूचा खर्रा कमी करा. करणार नाहीत, पण म्हणावं.)

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. सोळा वेळा लावला. सतराव्यांदा भाटव्यांनी उचलला आणि गंगा घरी नाही म्हणाले, तेव्हा मागून 'ठेवा तो फोन' असा तुझाच आवाज आला. भाऊबीजेला आलो नाही, हा गुन्हा मला कबूल आहे. पण कोर्टसुद्धा गुन्हेगाराचं म्हणणं ऐकून घेतं, आणि तू तर यंदा मंडईलाही येणार नाही असा निरोप धाडलास. मंडई, आपली दिवाळीनंतरची जत्रा, परवा बुधवारी आहे. तुझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, तू आपल्या गावची मंडई एकदाही चुकवली नाहीस. लोकेंद्र पोटात होता तेव्हाही बैलगाडीत उशा रचून आली होतीस. गावच्या साऱ्या लेकी त्या दिवशी माहेरी येणार आणि आमच्याच घरची येणार नाही, हे मला सोसवत नाही, म्हणून मुळापासून सांगतो.

गेल्या वर्षी मी आणलेल्या साडीने पहिल्याच धुण्यात भाटव्यांची तीन धोतरं गुलाबी केली. (त्यातलं एक ते अजून नेसतात, हा त्यांचा मोठेपणा.) तेव्हाच मी बाजारातल्या दुकानांच्या नावाने कानाला खडा लावला. दसऱ्याला लोकेंद्र इथे आला होता. तुझा मुलगा हुशार आहे, मामावर गेला आहे. त्याने आपल्या फोनवर बोट फिरवून एक वस्तू दाखवली, मी मान हलवली, पैसे त्याच्या हातात दिले, त्याने माझं नाव आणि माझा नंबर टाकला आणि 'मामा, झालं' म्हणून नागपूरला निघून गेला. आणखी काय काय टाकलं ते मी विचारलं नाही. वस्तू कोणती ते सांगणार नाही, नाहीतर गंमत जाते.

मग माझ्या फोनवर निरोप सुरू झाले. पहिला म्हणाला, शुक्रवारपर्यंत पोचेल. शुक्रवारी म्हणाला, सोमवारपर्यंत. शेजारच्या योगराजला फोनमधलं बरंच समजतं. त्याने शोधून सांगितलं की वस्तूचा डबा नागपूरहून रायपूरला गेला आणि रायपूरहून परत नागपूरला आला. आता नागपूर ते रायपूर गाडी कुठून जाते, तू सांग. म्हणजे मिक्सर गोंदियाच्या स्टेशनावरून दोनदा गेला आणि उतरला नाही. (मिक्सर लिहून बसलो. पेनाने लिहिलं आहे, खोडलं तरी तू वाचशीलच. तुझ्या खांद्यासाठी घेतला, पाट्यावर वाटण करताना तुला कळ येते म्हणून.)

राजकुमारीचं म्हणणं वेगळं होतं. ती धानाच्या बांधीतून आली, विळा ठेवला आणि म्हणाली, "गोंदियाले गेले असते तं संध्याकाळी घेऊन आले असते. कायले त्या फोनच्या नादी लागले?" मी तिला कानाला लावलेल्या खड्याची आठवण करून दिली. ती पुन्हा बांधीत गेली.

भाऊबीजेच्या सकाळी निरोप आला, 'आज पोचेल'. मी आंघोळ करून, इस्तरीचा सदरा घालून अंगणात खाटेवर बसलो. आपल्यात कोणी येतो म्हटलं की दार लावून जायची रीत नाही. आता खरं सांगतो. भाऊ येईपर्यंत तू तोंडात पाणी घेत नाहीस, हे मला ठाऊक होतं. अकराला भाटव्यांचा फोन आला, मी म्हटलं निघालोच. एकला आला, तेव्हा मी म्हटलं कोहमाऱ्याला पोचलो. तीनला मी म्हणे तुमच्या अलीकडच्या गोरेगावला होतो. बाई, मी दिवसभर खाटेवरच होतो. पार्सलच्या कंपनीने मला जे केलं तेच मी तुला केलं, आणि कंपनी निदान उपाशी बसलेल्या बहिणीशी तरी खोटं बोलत नव्हती. संध्याकाळी तू ओवाळणीच्या ताटातला दिवा विझवलास असं भाटवे म्हणाले, तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

पुढे तर नवलच झालं. गुरुवारी मुन्नालाल नावाच्या पार्सलवाल्याचा फोन आला, घर कुठे म्हणून. मी सांगितलं, पिंपळाचं झाड, मग हनुमान मंदिर, मग बोरिंगचा हापसा, त्याच्या समोरचं घर. तो म्हणाला, "पीपल दिख गया, मंदिर दिख गया, बोरिंग भी दिख गई. बाई दरवाज़े पे खड़ी है." मी बांधावर होतो, म्हटलं राजकुमारी घरी गेली असेल. पाच मिनिटांत निरोप आला की ग्राहकाने घ्यायला नकार दिला. मी राजकुमारीला जाब विचारायला वळलो, तर ती माझ्यामागेच धान कापत होती. शनिवारी पुन्हा तसंच. या वेळी मी स्वतः दारात उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत मी नकार दिला.

तेव्हा बाई, दोष सारा त्या कंपनीचा आहे. आपल्या मंडईची तारीख गावच्या बैठकीत एकदा ठरली की ठरली, ती रायपूरला जाऊन येत नाही. राग सोड आणि बुधवारी ये.

तुझा धाकटा,
ग्यानीराम

ता. क. पत्र योगराजच्या हाती देतो आहे, तो दुपारच्या एसटीने तुमच्याकडे निघतो. पोस्टाने मी आता काहीच पाठवणार नाही.

ता. क. आणखी. योगराज चप्पल घालत असतानाच मुन्नालालचा फोन आला. तिसऱ्यांदा जाऊन आला म्हणे. त्याने दारातल्या बाईला विचारलं, ग्यानीराम यहीं रहते हैं क्या? ती म्हणाली, "या नावाचा मानूस आमच्या खानदानात नाही." हे ऐकून मी योगराजला थांबवलं, कारण असं बोलणारी बाई मला एकच माहीत आहे. मी विचारलं, तू उभा कुठे आहेस? तो म्हणाला, कुडवा. लोकेंद्रच्या फोनमध्ये पत्ता त्याच्या घरचा, म्हणजे तुमचाच होता. तुमच्याकडेही पिंपळ, मंदिर आणि बोरिंग आहे, हे मला आठवायला हवं होतं. बाई, तुझी भाऊबीज तूच तीनदा दारातून परत पाठवलीस. मुन्नालाल आता बुधवारी शेवटचा येणार, सकाळी नऊ ते रात्री नऊच्या मध्ये. तेव्हा कृपा करून मंडईला येऊ नकोस, घरीच थांब.

ता. क. शेवटचं. वरचं राजकुमारीने वाचलं. म्हणाली, "मिक्सर गेला खड्ड्यात, बाईले बोलवा." तिचं बरोबर आहे. तू ये, भाटव्यांना घरी बसव. मुन्नालालने माझं नाव विचारलं तर ते काय सांगायचं ते सांगोत. तू इथे उतरल्यावर चार माणसांत एकदाच म्हण, हा माझा भाऊ. मी सकाळी आठपासून बसस्टँडवर उभा राहीन. या वेळी खरंच उभा राहीन.