खालच्या मजल्याला वाहिलेली श्रद्धांजली

माय, तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी परवा तुझ्यावर चिडून मी दोन भाकरी करपवल्या. "माणसात राहा, माणसात राहा" हे तू जन्मभर माझ्या डोक्यात घातलंस आणि आता तेच सांगायला मुलगा पुण्याहून फोन करतो. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून पडेगावच्या या फ्लॅटमध्ये मी एकटी आणि माझी पुस्तकं. हे नाहीत, ते रोज उठल्यावर नव्याने कळतं, पण त्याची तक्रार मी कुणाकडं करत नाही. तरी दिवाळीत मुलानं नवा मोबाईल हातात दिला, बिल्डिंगच्या ग्रुपात मला घातलं आणि म्हणाला, "मम्मी, आता तू सगळ्यांच्या संपर्कात." झालं. रोज सकाळी चाळीस फुलं, चाळीस सुविचार. वाढदिवस असला की केक पाठवायचा, कुणी गेलं की हात जोडायचे. पायात चप्पल न घालता सगळी नाती पार पडतात.

तुझं तसं नव्हतं आणि तेव्हा मला त्याचाच वैताग होता. पाचोडच्या बाजाराला तू पिशवी घेऊन निघालीस की दिवस कलला तरी घरी नाहीस. दहा दारांत बसायचं, हिची सून, तिची म्हैस, सगळं ऐकून घ्यायचं. मी उंबऱ्यात किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचत बसलेली. चौथीनंतर शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. एकदा शेजारीण हाका मारून मारून परत गेली, मी मान वर केली नाही. तू आल्यावर कागद हिसकावलास. "कागद पाणी पाजणार हाय का गं तुला मरताना?" आणि एक दिवस तर अजून डोळ्यांपुढं आहे. तू चुलीपुढं पीठ मळते आहेस. गल्लीत कुणीतरी मोठ्यानं रडतं. तू उठतेस, हात पिठाचे तसेच. "माय, भाकरी?" मी विचारते. "तू थाप," म्हणतेस आणि दाराबाहेर. मी आठ वर्षांची. त्या दिवशी सगळ्यांनी कच्च्या भाकरी खाल्ल्या आणि बापाची बोलणी मी खाल्ली.

तर महिन्यापूर्वी ग्रुपात एक फोटो आला. खालच्या मजल्यावरचे साहेब, वैजापूरच्या तहसीलीतून रिटायर झालेले. गळ्यात हार, खाली जोडलेले दोन हात, बाकी एक अक्षर नाही. मी अंगठ्यानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' माझ्यामागून एकोणीस जणांनी तेच लिहिलं. मग खुद्द साहेबांचं उत्तर आलं. 'सर्वांचा आभारी आहे. आज माझा वाढदिवस आहे. हार निरोप समारंभाचा आहे.'

सगळी बिल्डिंग हसली. त्यांची बायको हसली नाही. रोज चारला ती लसूण सोलायला घेऊन वर यायची, ती यायची थांबली. मला वाटलं, विधवेच्या हातून नवऱ्याबद्दल असलं लिहिलं गेलं म्हणून धसकली असेल. मग मीही हट्टाला पेटले. शिकलेली बाई, असलं मनात धरते! महिनाभर माझी बेल फक्त गॅसवाल्यानं वाजवली. चार वाजले की कान दाराकडं जायचे आणि त्या कानांचाही मला राग यायचा.

शेवटी काल मीच खाली गेले. दार साहेबांनी उघडलं. "या ताई, या. मी हाय अजून." ती आत मेथी निवडत होती. वर बघितलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "हार बघून वाटलं मला."

"वाटलं ना? मंग आल्या का नाय तुमी?"

"कुठं?"

"इथं, खाली! माझा नवरा गेला असं तुमाला खरंच वाटलं, अन् तुमच्यानं एक जिना उतरवला नाय. बोट दाबून मोकळ्या. तुमचे गेले तव्हा मी किती दिवस तुमच्यापाशी झोपायला होते?"

"तेरा."

साहेब मध्ये पडले. "अगं, मी जिवंत हाय की. कशाला भांडता?"

"तुमी गप बसा. आमी तुमच्या मयतीचं बोलायलो."

मला हसू आलं, तिलाही आलं, पण तिनं ते दाबलं. "गुडघा लई दुखत होता गं त्या दिवशी," मी म्हणाले. तिनं मेथीची एक जुडी पुढं सरकवली. आम्ही निवडत बसलो. निघताना "येते का उद्या?" असं विचारलं, तर म्हणाली, "बघते."

आता साडेतीन झालेत. जे तिला सांगायचं होतं ते तुला लिहिते आहे, कारण तुझ्यापर्यंत पत्र जात नाही. माझा गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता. तो माणूस गेला असं मला खरंच वाटलं होतं, हळहळलेही मी. पण मांडीवरच्या पुस्तकाची अकरा पानं राहिली होती, ती मी आधी वाचून काढली. मग मोबाईल पाहिला, तर त्यांचं उत्तर आलेलं. माय, माणूस जिवंत आहे याचा आनंद मला नंतर झाला. त्याच्या आधी वाटलं ते हे, की बरं झालं, आता खाली जायला नको.