एकट्या खेळाडूस वाट द्यावी

शनिवार, ७

पाटी लागली. गोल्फच्या मैदानावर, पहिल्या होलपाशी, डोळ्यांत भरेल अशी — ‘गर्दीच्या दिवशी रेंगाळू नये. एकट्या खेळाडूस वाट द्यावी.’ दोन्ही वाक्यं माझी. समितीतल्या कर्नलसाहेबांना त्यात ‘कृपया’ हवं होतं. मी म्हटलं, कृपया वाचून लोक आणखी हळू चालतात.

आणि आता एकटी खेळाडू मीच. मागच्या खेपेला मी नणंदेला चारचौघांत म्हणाले, "तुझा चेंडू शोधण्यात माझे केस पिकले. डोळे आहेत की बटणं?" ती शांतपणे म्हणाली, "मग वहिनी, तू एकटीच खेळत जा. उरलेले केस वाचतील."

खेळते की. त्यात काय!

रविवार, ८

एकटीनं खेळण्याची मजा काही औरच. पुढच्यांच्या मानगुटीवर बसायचं नाही. ते टप्प्याबाहेर जाईपर्यंत काठी उचलायची नाही. त्यांनी हात केला की मारायचं, आभार मानायचे, चालू लागायचं. हवापाण्याच्या गप्पा नकोत. एवढं मला कळतं, तर जगाला कळायला काय हरकत आहे?

शनिवार, १४

आज माझ्या पुढे चौघं — कर्नलसाहेब, दंतवैद्य, त्यांची बायको आणि आमच्या नणंदबाई. दर होलला बाईंचा चेंडू गायब. बाकीचे तिघं गवतात माना घालून. दंतवैद्यांनी मला हात केला, या पुढे. मी बुटाची नाडी बांधायला बसले. तिच्यासमोरून जायचं, वर आभार मानायचे? त्यांनी पुन्हा हात केला. मी दुसरी नाडी घेतली.

तोवर माझ्या मागे रांग. त्यातला एक इंजिनियर म्हणाला, "बाई, ती पाटी तुम्हीच लिहिलीत ना?"

"हो. तुम्हाला वाचता येतं का, बघत होते."

उत्तर चोख दिलं. कान मात्र तापले.

मंगळवार, १७

नवरा जेवताना — "तुमचं काय ते मैदानावर मिटवा. मला बहीण एकच आहे, आणि बायकोही."

नशीब त्याचं.

शनिवार, २१

आजही पुढे तेच चौघं. त्यांनी हात केल्याबरोबर निघाले. मान ताठ. तिचा चेंडू आखूड गवतात, अगदी उघड्यावर पडलेला — आणि ती त्याच्या शेजारून सरळ पुढे गेली. सवयीनं तोंडातून निघालं, "मागे. उजव्या बाजूला." ती आधी माझ्या आवाजाकडे वळली. मग मान तिरकी करून, पायानं चाचपत चेंडूपाशी आली.

बाकीचे पुढे गेले होते. मी विचारलं, "कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. नजरेच्या मधोमध धुकं आहे. मारायचं अंदाजानं जमतं, पडलेला सापडत नाही. तू ओरडून सांगायचीस, म्हणून चाललं होतं."

आणि मला वाटायचं, बाईंना वाकायचा कंटाळा.

"डॉक्टर?"

"आहे तेवढी टिकली तरी पुष्कळ, म्हणतात. दादाला सांगू नकोस, वहिनी. तो उद्यापासून माझा खेळ बंद करेल."

मागून कुणीतरी हाक दिली, "अहो, रेंगाळू नका!" माझंच वाक्य.

रविवार, २२

आज दोघी. मागून तो इंजिनियर एकटाच येत होता. मी हात केला — हो बाबा पुढे. आम्हाला वेळ लागेल.