मूळ तुकड्याला लावून पाहा

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला कारण एकच. काल तुझ्या आईचा फोन आला. तू पंधरा दिवस धड जेवत नाहीस, काय झालं म्हणून विचारलं तर कामाचं आहे म्हणतेस. आत्याशी बोलून बघ असं वहिनीने सुचवलं, तर तू म्हणालीस की आत्याला त्यातलं काय कळणार. या वाक्यामुळे मी हे पत्र लिहिते आहे. राग आला असं समजू नकोस. आला होता, पण चहा पिऊन झाल्यावर गेला.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. त्यानंतर एकतीस वर्षं कापड कारखान्याच्या रंगखात्यात काढली. कळत नाही ते विचारून घ्यायची मला कधी लाज वाटली नाही, आणि दुसऱ्याने न समजावता सोडून दिलेलं मला कधी खपलं नाही. तेव्हा तुझं काम काय आहे आणि त्यात काय बिनसलं आहे ते नीट लिहून कळव. फोन करू नकोस. एक तर माझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि दुसरं म्हणजे फोनवर तू बरंय म्हणून सुटतेस. कागदावर बरंय लिहून दोन पानं भरत नाहीत.

इकडे माझं ठीक चाललं आहे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई माझी इस्त्री नेतात आणि गरम असतानाच परत आणून देतात. माणसं चांगली आहेत, फक्त घाई फार.

लोभ आहेच. तो वाढवत बसण्यापेक्षा ताटात दोन घास जास्त वाढून घे.

तुझी आत्या


ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आईने चहाडी केली तर. मी तसं म्हणाले होते हे खरं आहे, आणि म्हणून हे पत्र चार पानांचं आहे. भोग आता.

आकाशात एक उपग्रह आहे. तो गॅमा किरण टिपतो, म्हणजे प्रकाशाचा सगळ्यात तापट भाऊबंद. पण त्या उपग्रहाची नजर अधू आहे. किरण आला ते त्याला कळतं, नेमका कुठून आला ते कळत नाही. तो आकाशावर एक गोल काढून देतो आणि म्हणतो, यातल्या कुणीतरी पाठवला. त्या गोलात शेकडो ठिपके असतात. मोठ्या गर्दीत कुणीतरी शिंकलं, आता शोध कोण ते, असा प्रकार. अशा शेकडो शिंका आमच्या सूचीत 'अनोळखी' म्हणून पडून आहेत.

बहुतेकदा शिंकणारा असतो ब्लेझर. म्हणजे अशी दीर्घिका, जिच्या पोटात प्रचंड कृष्णविवर आहे आणि त्याच्या आसपासून निघालेला झोत थेट आपल्या तोंडावर रोखलेला आहे. गंमत अशी की हा झोत अवरक्त प्रकाशातही दिसतो, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात. तिथे त्याचा रंग वेगळा पडतो. रंग म्हणजे काय, तर एका गाळणीतून वस्तू किती तेजस्वी दिसते आणि दुसऱ्या गाळणीतून किती, यातला फरक. तारे एका जागी पडतात, धुळीने भरलेल्या साध्या दीर्घिका दुसऱ्या जागी, आणि ब्लेझर आलेखावर एका चिंचोळ्या पट्ट्यात ओळीने बसतात. तेव्हा गोलातले सगळे ठिपके घ्यायचे, अवरक्त रंग मोजायचे, आणि पट्ट्यात कोण बसतं ते पाहायचं. हे माझं काम.

मी चौसष्ट ठिपके काढले. आमच्या सरांनी सभेत तो आकडा सांगितला, टाळ्या पडल्या, आणि मोठ्या दुर्बिणीवर आम्हाला दोन रात्री मिळाल्या. तिथे एकेकाचा वर्णपट घेतला की ब्लेझर आहे की नाही ते ठरतं. माझी नेमणूक जूनमध्ये संपते. पुढची मिळणं न मिळणं या दोन रात्रींवर आहे.

आणि आता बिनसलेलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला जुन्या नोंदींत माझ्या चौसष्टांपैकी पाच जणांचे वर्णपट सापडले. पाचांतले तीन ब्लेझर नाहीत. साध्या, धुळीने माखलेल्या दीर्घिका आहेत. मी गणित तीनदा तपासलं. कुठेही चूक नाही. तरी तीन चुकले. जेवण जात नाही ते म्हणून.

आईला यातलं सांगू नकोस, ती थेट सरांना फोन करेल.

तुझी (हाडं मोजायला येऊ नकोस, शाबूत आहेत)
ठकी


ता. १७ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. शिंकेचा दाखला चांगला आहे. कृष्णविवराचं मला फारसं कळलं नाही, पण रंगाचं कळलं. दोन गाळण्यांतून बघून फरक काढणं हे आम्ही दोन दिव्यांखाली कापड धरून करायचो. तेव्हा मी त्या कामात नवखी नाही.

तू लिहिलंस की पट्ट्यात कोण बसतं ते पाहायचं. पण पट्टा कुठून आणलास ते लिहिलं नाहीस. मला तेवढंच विचारायचं आहे. तू तुझे ठिपके नेमके कशाला लावून पाहतेस?

का विचारते ते सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला बसचालकांच्या गणवेशाचा निळा सांभाळायला दिला होता. गिऱ्हाइकाने पसंत केलेला मूळ तुकडा काळ्या कागदात गुंडाळून आमच्या रंगमास्तरांच्या कपाटात असे, कारण उजेडाने रंग उतरतो. तो काढायचा म्हणजे मास्तरांकडे जायचं, वहीत सही करायची, आणि मास्तर चष्म्यावरून बघत, ते सोसायचं. मला ते नको वाटे. म्हणून मी रंगवलेल्या कापडाचा नवा लॉट निघाला की आदल्या लॉटच्या तुकड्याला लावून बघायची. जुळला की पुढे. प्रत्येक वेळी फरक इतका बारीक की नियमात बसे. असे अकरा लॉट गेले. एक दिवस मास्तरांनी मूळ तुकडा काढून अकराव्याशेजारी ठेवला. माझा निळा चक्क हिरव्याकडे निघाला होता. एकाही लॉटची रसायनं चुकली नव्हती. गणित माझंही बरोबर होतं, बाई.

तोवर कोट शिवून झाले होते. कुणाच्या बाह्या तिसऱ्या लॉटच्या आणि पाठ नवव्याची. चालक उभा राहिला की दोन माणसं जोडून केल्यासारखा दिसे.

तुझ्या कामात असं काही नसेलही. नसेल तर तसं कळव, मी दुसरा प्रश्न शोधते.

वहिनीला काही सांगितलेलं नाही. मी चहाडखोर नाही, तो तुझ्या आईकडचा गुण आहे.

आत्या


ता. २३ फेब्रुवारी

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खराखुरा.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि आधी जुनी टिपणं काढली.

मी सुरुवात केली ती सहाशे पक्क्या ब्लेझरांपासून, ज्यांचे वर्णपट घेऊन झालेले आहेत अशा. त्यांच्यावरून पट्टा काढला. मग अवरक्त मोजमापांचा नवा हप्ता आला की जे ठिपके पट्ट्यात पडत, त्यांना मी त्या सहाशेंमध्ये मिळवत असे आणि पट्टा नव्याने काढत असे. जास्त ठिपके, जास्त चांगला पट्टा, असं मला वाटे. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. असं पाच वेळा केलं. दर वेळी काठावरचे दोन-चार आत आले, त्यांनी काठ जरासा बाहेर सरकवला, आणि पुढच्या वेळी त्यांच्या शेजारचे आत आले. ज्यांची परीक्षा घ्यायची तेच परीक्षक होऊन बसले.

काल नुसत्या मूळ सहाशेंवरून पट्टा पुन्हा काढला. तो बराच अरुंद निघाला. चौसष्टांतले तेवीस आत राहिले. एकेचाळीस बाहेर गेले, आणि ते तीन खोटे त्या एकेचाळिसांत आहेत.

म्हणजे चूक सापडली. आता भीती वेगळी. यादी दुर्बिणीच्या समितीकडे गेली आहे. सर चौसष्ट सांगून बसले आहेत. मी गप्प राहिले तर दोन रात्रींत त्या तेविसांतलेच जमतील तेवढे बघून घेता येतील आणि बाकीच्यांचं वेळ पुरला नाही म्हणता येईल. हे मी करणार आहे असं नाही. पण सुचलं, हे तुला लिहिते. काल रात्रीपासून तेच डोक्यात आहे.

तू सांग.

ठकी


ता. २६ फेब्रुवारी

चि. ठकीस.

सुचलं ते लिहिलंस, याबद्दल तुझा मला अभिमान आहे. आता ते डोक्यातून काढून टाक.

सरांकडे जायचं. ईमेल करायचा नाही. दोन्ही याद्या छापून हातात घ्यायच्या, जुनी आणि नवी. आधी आकडा सांगायचा, मग कारण. कारण आधी सांगितलं की माणूस आकड्यापर्यंत पोचेस्तोवर रडायला लागतो, आणि मग समोरच्याला पाणी आणावं लागतं. काम तिथेच राहतं.

मी अकरा लॉट बिघडवले तेव्हा मास्तरांनी मला बसच्या कचेरीत नेलं. तो दोन रंगांचा कोट माझ्याच हातात दिला होता. साहेबांसमोर उभं करून म्हणाले, सांग. मी सांगितलं, अकरा लॉट, चूक माझी. मग मास्तर पुढे झाले आणि एवढंच म्हणाले, "ही माझ्या हाताखाली आहे." निम्मी ऑर्डर गेली. माझी नोकरी राहिली. पुढची एकोणतीस वर्षं त्या कचेरीने आमच्याकडूनच कापड घेतलं, कारण बिघडलं तर हे लोक स्वतः येऊन सांगतात हे त्यांना कळलं होतं.

तुझे सर तसे निघतील का, मला माहीत नाही. नाही निघाले तरी तुला जायचंच आहे. जाण्याआधी पोटभर जेव. रिकाम्या पोटी कबुली देऊ नये, आवाज कापतो.

आत्या


ता. ५ मार्च

ती. आत्यास सा. न.

गेले. आधी जेवले. मंगळवारी दुपारी सरांच्या खोलीत दोन्ही याद्या ठेवल्या आणि म्हणाले, सर, चौसष्ट नाहीत, तेवीस आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग त्यांनी मला त्यांच्यासमोर बसून पट्टा पहिल्यापासून काढायला लावला. तेवीसच आले. मग म्हणाले की समितीला पत्र तू लिही, खाली मी सही करतो, आणि एक रात्र जाईल ही तयारी ठेव.

रात्र गेली. समितीने दोनाची एक केली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्यातल्या एकाने जिन्यात मला विचारलं की उरलेले एकेचाळीस कुठे सांडले. मी म्हणाले, मोजून परत ठेवले.

चूक कुणी दाखवली असं सरांनी विचारलं. मी म्हणाले, आत्याने, ती रंगखात्यात होती. ते म्हणाले, त्यांना नोकरी हवी आहे का विचार.

एका रात्रीत फार तर दहा ठिपके बघून होतील. ढग आले तर तेही नाही. जूनच्या आत काय ते कळेल. काही झालं तरी आता झोप लागते आहे, आणि ती तू दिलीस.

तुझी ठकी


ता. २९ मे

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

आकाश स्वच्छ मिळालं. दहा ठिपके पाहिले. एक फार अंधूक, काही कळलं नाही. एक भलताच निघाला. आठ ब्लेझर आहेत. त्यांच्या वर्णपटात जवळजवळ काही नसतं, सपाट रेघ, ना खाच ना उंचवटा. सगळं तेज झोताचंच. पडद्यावर पहिली सपाट रेघ उमटली तेव्हा दुर्बिणीवरचा तंत्रज्ञ माझी समजूत काढायला लागला, की पुढचा चांगला येईल. मी आनंदाने रडत होते, ते त्याला पटवून देण्यात पाच मिनिटं गेली.

नेमणूक दोन वर्षांनी वाढली. सरांनी शिफारशीत ते मंगळवारचंही लिहिलं, असं नेमणुकीच्या समितीतल्या एका बाईंनी सांगितलं.

आता लेख लिहायचा आहे. त्यात आठ तर येतीलच, पण बाद झालेले एकेचाळीसही छापायचे, कारणासकट, असं मी ठरवलं आहे. सर म्हणाले, लाज वाटणार नसेल तर छाप. शेवटी आभार असतात. तुझं नाव घालू?

आत्या, मी म्हणाले होते तुला काय कळणार. ते वाक्य मी परत घेते.

ठकी


ता. ९ नोव्हेंबर

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

लेखाच्या दोन्ही प्रती पोचल्या. माझं नाव नको, आमच्या मास्तरांचे आभार मान म्हटलं होतं ते ऐकलंस आणि 'कापडाच्या रंगखात्यातील एका मास्तरांचे आभार' असं छापलंस, हे ठीक केलंस. एकतीस वर्षं मी रंग जुळवले, मग रंग मोजायचं यंत्र आलं आणि मला निरोप दिला. त्यानंतर मला कामाचं कुणी काही विचारलं नव्हतं. तू विचारलंस. विचारलंस कसलं, मी विचारायला लावलं, पण उत्तर दिलंस. त्याबद्दल तुझे आभार. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, जपून ठेव.

आभार वेळेवर मानावेत हे मला उशिरा कळलं. मास्तरांचे मी कधीच मानले नव्हते. त्यांना एक्क्याण्णव वर्षं पूर्ण झाली, आणि आता दिसतही नाही. मुलीकडे असतात. काल लेख घेऊन गेले. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, हिरवा निळा. म्हणजे ओळख आहे.

आकाशाचं त्यांना थोडक्यात सांगितलं. आठ सापडले म्हटल्यावर नुसती मान हलवली. मग विचारलं, "चुकलेले छापलेत का?" छापले आहेत म्हटलं. म्हणाले, ते वाच.

माझ्या वहीत नोंद केली आहे ती खाली तुझ्यासाठी उतरवते. बाकी सर्व क्षेम. जेवतेस असं वहिनी म्हणते, मी त्यावर विश्वास ठेवते.

आत्या

सुपूर्द केल्याची नोंद, ता. ८ नोव्हेंबर. छापील लेख, प्रत एक, पानं बारा. सोबत त्याचा सारांश, माझ्या हाताने, आपल्या भाषेत, पानं तीन. घेणार: मास्तर, मुलीच्या घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत. वाचून दाखवले: आठांची यादी एकदा, एकेचाळिसांची दोनदा, त्यांनी सांगितल्यावरून. आभार तोंडी दिले, ऐकून घेतले. सही घेतली. अक्षर रेघेखाली उतरले आहे, पण पुरे आहे.