ऊन स्वल्पविराम पाणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक, राहणार तिसरा मजला, रस्त्याकडची बाजू, जिथे खिडक्यांना सात लाकडी पेट्या आहेत आणि पोस्टमन पत्ता न वाचता वर बघून जिना चढतो, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, जीभ त्याहून शाबूत आहे, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत, आणि हा मजकूर मी कुणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. माझ्याशी लाडीगोडी करायची कुणाची छाती नाही, हे सगळी गल्ली सांगेल.

माझे यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करत आहे. कारण कलम चारमध्ये येईल. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, कारण लिहायची गरज नसते." त्यांना नसेल, मला आहे.

कलमे मी लेखी मराठीत लिहिली आहेत आणि कुरबुरी बोलण्यातल्या मराठीत. टंकलेखकाने दोन्ही एकसारखी करण्याचा उत्साह दाखवू नये.

कलम १. बँकेतली माझी सर्व ठेव माझ्या बहिणीच्या मुलीस, म्हणजे भाचीस, मिळावी. मोठा शब्दकोश, भिंगासह, तिलाच मिळावा. तिनं तो उघडावा, उशाला घेऊ नये. लहानपणी घेत असे.

कलम २. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कारकुनांस माझी काळी छत्री द्यावी. माझ्या पेट्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यांवर ठिबकतं म्हणून त्यांनी आजवर चौदा तक्रारअर्ज दिले. चौदाही अर्जांत 'ठिबकते'चा ठि दीर्घ होता. मी ते लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवले, त्यामुळे प्रकरण चिघळलं. तेवढं मला कबूल आहे. छत्री दांडीवर बांधावी, सदरे कोरडे राहतील.

कलम ३. सात पेट्या. त्या सागवानी आहेत आणि माझ्या यजमानांनी स्वतः बनवल्या आहेत. हे सुतार होते. प्रत्येक पेटीच्या बुडाला पाच भोकं आहेत, ती कुणीही शहाणपणाने बुजवू नयेत. पाणी साचलं की मुळं कुजतात.

ह्या पेट्या ज्या कुणाच्या हाती जातील (कुणाच्या, ते कलम पाचमध्ये), तिने पुढील गोष्टी पाळाव्यात.

आमच्या दक्षिणेच्या खिडकीवर सात तास ऊन असतं, आणि तेही तोंडावर मारणारं. तिथे नाजूक, सावलीतली झाडं आणून "वाळलं हो" म्हणून रडू नये. उन्हाची हौस असलेलीच आणावीत. प्रत्येक पेटीत तीन तऱ्हेची झाडं असावीत: मागे एक उभं, मध्ये एक पसरणारं, पुढे एक लोंबणारं. आम्ही त्यांना मुख्याध्यापक, वर्ग आणि दप्तर म्हणायचो. लाल साल्व्हिया मागे, बुटका झेंडू मध्ये, जांभळा पेटुनिया पुढे लोंबता, ही पहिली पेटी. हिच्याकडे बघून समोरच्या बसथांब्यावरची माणसं बस चुकवतात. दुसरीत झिनिया, सदाफुली आणि पुढे व्हर्बिना. झिनियाच्या पानांवर पाणी मारू नये, भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, धरते. बुंध्याशी घालावं.

तिसऱ्या पेटीत चिनी गुलाब, ज्याला लोक ऑफिस टाइम म्हणतात. दहाला उघडतो, संध्याकाळी मिटतो. छापखान्याची वेळही तीच, म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्त जीव. त्याच्यासोबत फक्त गझानिया लावावा. दोघांना पाणी कमी लागतं. कुणीतरी एका वर्षी त्यांच्यात तेरडा खुपसला होता. तेरड्याला सारखी तहान, ह्यांना पाण्याचा तिटकारा. एकाला पाजलं की दुसरा कुजायचा. तेव्हा रंग जुळो न जुळो, तहान जुळली पाहिजे. एका पेटीत एकाच तहानेची झाडं.

(तो तेरडा मीच खुपसला होता. आज सगळं खरंच लिहायचं ठरवलंय तर हेही असू दे.)

रंगांचं म्हणाल तर एका पेटीत तीनच. चौथा आला की सवलतीच्या दुकानाची काच दिसते. वाळलेलं फूल त्याच दिवशी खुडावं. झाडाला एकदा वाटलं की आपलं बी धरलं, काम झालं, की ते पुढे फुलत नाही. उरलेल्या तीन पेट्यांमध्ये जिने तिने आपल्या अकलेने लावावं. माझी अक्कल चार पेट्यांपुरतीच होती, चौथीचं सांगते आता.

कलम ४. चौथी पेटी, आणि जुने मृत्युपत्र रद्द करण्याचे कारण.

चौथ्या पेटीत ह्यांचा लाल जिरेनियम होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हे कुणाकडे तरी कपाटं बसवायला गेले होते, तिथून बोटभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पिशवीतून आणली होती. दर वर्षी जुन्या झाडाची फांदी लावून आम्ही ते नवं करत आलो. हे गेले तरी झाड राहिलं. मी रोज सकाळी त्याला बघून मग चहा घ्यायचे.

नऊ वर्षांपूर्वी मी मोतीबिंदूसाठी भाचीकडे पंधरा दिवस राहिले. घरी राहिली माझी धाकटी जाऊ. धाकटे दीर गेल्यापासून ती मागच्या दोन खोल्यांत असते. तिथे ऊन औषधालाही नाही. जाताना मी कपाटावर चिठ्ठी लावली. परत आले तर सातही पेट्या मेलेल्या. नुसत्या वाळलेल्या नव्हे, शिजलेल्या. जिरेनियमचं खोड बोटात घेतलं तर उकडलेल्या भाजीसारखं लिबलिबीत.

"काय केलंस?" मी विचारलं.

"तुम्ही लिहिलंत ना जाऊबाई, ऊन पाणी. मी रोज तापवून घातलं," ती म्हणाली. तिच्या मनगटाला पट्टी होती. पातेलं निसटलं होतं म्हणे.

मी काय म्हणाले ते इथे लिहिते, कारण ते माझ्याशिवाय फक्त तिलाच माहीत आहे. मी म्हणाले, "चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. मी लिहीन असं? जळत होतीस माझ्या उन्हावर, म्हणून जाळलंस. आणि मनगट भाजलं ते बरंच झालं."

त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. एक स्वयंपाकघर, दोन बाया आणि मध्ये कुकर. जे बोलायचं ते कुकरला. "कुणीतरी दूध उघडं ठेवलंय." "कुणाची तरी औषधाची वेळ झालीय." नऊ वर्षं मी तिला पाण्यात पाहिलं. मृत्युपत्र केलं, त्यात घर भाचीला आणि धाकटीला तीन महिन्यांत बाहेर. तिला दुसरं घर नाही हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच लिहिलं.

मागच्या महिन्यात वकीलसाहेबांनी त्या मृत्युपत्राची नवी टंकलिखित प्रत तपासायला पाठवली. आता, छापखान्यात मुद्रितं तपासायची आमची एक पद्धत होती. एकजण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि दुसरा समोरच्या कागदावर खुणा करायचा. ती सवय काही सुटलेली नाही. मी खिडकीत बसून खड्या आवाजात वाचायला लागले. "माझ्या धाकट्या जावेने स्वल्पविराम तीन महिन्यांच्या आत स्वल्पविराम आपल्या सामानासह घर सोडावे पूर्णविराम." स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मला कळलं की तिला कळलं. तरी मी पुढे वाचत गेले. अशी मी.

पुढच्या ओळीत टंकलेखकाने 'घर भांडी पुस्तके' असं सलग ठोकलं होतं. मी कडाडले, "एक स्वल्पविराम खाल्ला की घराची भांडी होतात! वाक्याचा जीव जातो त्याने!"

आतून आवाज आला, शांत. कुकरला म्हणाली, "फुलांचाही जातो म्हणे."

"काय म्हणालीस?" नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिला सरळ विचारलं.

ती बियांचा डबा घेऊन बाहेर आली. तळातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि परत आत गेली. अक्षर माझं. सवयीने मी मोठ्याने वाचलं. "पेट्यांना रोज सकाळी ऊन पाणी भरपूर मिळावे पूर्णविराम. शंका काढत बसू नये पूर्णविराम."

ऊन आणि पाणी यांच्यामध्ये जिभेवर काहीच आलं नाही. पुन्हा वाचलं. भिंग आणलं. कागद उजेडाकडे धरला, शाई उडाली असेल म्हणून. उडाली नव्हती. स्वल्पविराम मी लिहिलाच नव्हता. मला म्हणायचं होतं की रोज झडपा उघडून ऊन द्यावं आणि पाणी घालावं. लिहिलं होतं, ऊन पाणी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर नऊ वर्षं न्यायाधीशाच्या खुर्चीवर.

आत जाऊन मी विचारलं, "झाडाला ऊन पाणी घालतात का गं कधी? तुला तरी समजायला नको?"

"समजलं होतं की. पण खाली लिहिलं होतं, शंका काढू नये. आणि तुम्ही कढत नव्हतं लिहिलं, ऊन लिहिलं होतं. म्हणून उकळू दिलं नाही, वाफ आली की उतरवायचे."

"हा कागद तेव्हाच का नाही माझ्या तोंडावर फेकलास?"

ती ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "तुमची नोकरी सुटून तेव्हा सहा महिने झाले होते. भावजी गेलेले. तुमच्याकडे एकच गोष्ट उरली होती, की तुमची चूक होत नाही. ती कशी काढून घेऊ?"

मला रडू आलं. लपवलं नाही, लपवायला वेळच मिळाला नाही. माफी मागायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "चहा टाकतेस का?" तिनं टाकला.

कलम ५. माझे राहते घर, रस्त्याकडच्या व मागच्या अशा सर्व खोल्यांसह, सातही पेट्यांसह, झारीसह, माझ्या धाकट्या जावेस मिळावे. त्यावर इतर कुणाचाही हक्क राहणार नाही. भाचीला मी फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मावशी, सुटलो गं सगळे! मला तुझं घर नकोच होतं, मला काकूला बाहेर काढायची भीती वाटत होती." म्हणजे माझ्या मरणाची वाट न बघता माझ्या मृत्युपत्राला घाबरून बसलेली पोर. मीही त्या दिवशी दुपारी दोन तास गाढ झोपले. इतकी वर्षं दुपारची झोप लागत नव्हती, मी कॉफीला दोष देत होते.

कलम ६. हे कलम माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही.

चहा झाल्यावर धाकटी म्हणाली, "एक दाखवायचंय." मी नऊ वर्षांत तिच्या खोल्यांत पाऊल ठेवलं नव्हतं. मागच्या खिडकीत, भिंतीला तोंड करून, पत्र्याच्या डब्यात एक झाड होतं. उंच, किडमिडीत, फिकट पानांचं. पान चुरगळून नाकाशी धरलं आणि वास ओळखला. जिरेनियम. ह्यांचा.

"चौथ्या दिवशी खोड मऊ लागलं," ती म्हणाली, "म्हणून वरचा एक शेंडा तोडून इथे लावला. ह्याला मात्र गारच पाणी घातलं. तुमच्या लिहिण्याच्या विरुद्ध." मग जरा ओशाळून, "फुललं नाही पण कधी. इथे ऊन कुठाय?"

सबब, तो जिरेनियम चौथ्या पेटीत लावून झालेला आहे. मागे तो उभा, मध्ये पांढरी सदाफुली, पुढे काही नाही. त्याला पसरायला जागा हवी. धाकटीची खाटही रस्त्याकडच्या खोलीत आणून झालेली आहे. ती घोरते. ह्या बाबतीत कायद्याने काही होत नाही, असे वकीलसाहेबांचे मत पडले.

कलम ७. माझ्यामागे कुणी विकतची तोडलेली फुले आणू नयेत. ज्यांना यायचे त्यांनी एकेक रोप आणावे, आणि आणण्यापूर्वी धाकटीला विचारावे की त्याची तहान किती.

येणेप्रमाणे लिहून पूर्ण केले. लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार म्हणून सही करू नये असा नियम असल्याने धाकटी स्वयंपाकघरात बसली आहे. हा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर खड्या आवाजात, विरामचिन्हांसह वाचला आहे. स्वयंपाकघराचे दार मुद्दाम उघडे ठेवले होते. वाचले, तपासले, छपाईस योग्य.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त मुद्रितशोधक, गल्लीत काना-मात्रा म्हणून परिचित

साक्षीदार १: (सही) तळमजल्यावरची शिंपीण. हिच्या दुकानाच्या पाटीतली चूक मी आजच माफ केली.

साक्षीदार २: (सही) दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कारकून. छत्रीचे ऐकून आजच द्या म्हणाले. सहीआधीच दिली, म्हणजे कलम २ निकालात निघाले आणि त्यांची सही चालते.

स्थळ: तिसरा मजला, दक्षिणेची खिडकी, झडपा उघड्या

दिनांक: सात मार्च, सकाळी अकरा. चौथ्या पेटीत एक कळी, रंग अजून दिसत नाही.

शुद्धिपत्र

नऊ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीत, पहिल्या ओळीत, 'ऊन पाणी' असे चुकून पडले आहे. तेथे 'ऊन, पाणी' असे वाचावे. दुसरी ओळ संपूर्ण गाळावी. त्याच दिवशी तोंडी बोललेला सर्व मजकूर, विशेषतः मनगटाबद्दलचा, रद्द समजावा. चूक सर्वस्वी माझी. धाकटे, मला माफ कर.