रखवालदाराची टोपी

३ फेब्रुवारी
किल्ल्यावर रखवालदार नेमणार! टेकडीवर उरलंय काय, तर अर्धा बुरूज आणि जुन्या चर्चच्या भिंती. पण पितळी बिल्ल्याची टोपी मिळणार. गावात माझ्याइतका अभ्यास आहे कुणाचा? राजधानीहून, सोफियाहून, पुरातत्त्व खात्याच्या नेवेनाबाई येऊन माणूस सुचवणार. त्याआधी चर्चच्या दारावरचा हरवलेला कोरीव दगड मी शोधून काढतोच.
संकल्प : आजपासून घरी गाळलेली राकिया बंद.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
तळघरात गेलो होतो. एकच ग्लास. थंडी फार.
बायको राडका म्हणाली, आलाच आहेस तर पिंपातला खारवलेला कोबी काढ. राडकाला अभ्यासाची किंमत नाही.

७ फेब्रुवारी
छडा लागला! दगड शेजारच्या मिंचोच्या डुकरांच्या गोठ्यात. भिंत संशयास्पद सरळ आहे. सरपंचांकडे तक्रार केली. मिंचो म्हणाला, अरे वेल्को, दगड तुझ्या डोक्यात भरलेत, माझ्या भिंतीत नदीतले गोटे आहेत.
चोर असंच बोलतात.

१० फेब्रुवारी
भिंत पाडली. नदीतले गोटे निघाले. संशोधनात असं होतं.
राडकानं मिंचोची डुकरीण आमच्या तळघरात ठेवून घेतली. राकिया ओतताना ती टक लावून बघते.

१४ फेब्रुवारी
संत त्रिफोनचा सण. द्राक्षवेली छाटायच्या, त्यांवर वाइन ओतायची. उरलेली आपण. वाइन राकियात धरत नाहीत.

१५ फेब्रुवारी
डोकं ठणकतंय. उतारा एकच, कोबीचं आंबट पाणी. राडका म्हणाली, तुझं तू घे. कोबी दाबायला पिंपात ठेवलेला दगड जन्मात पहिल्यांदा उलटा केला. खाली अक्षरं. आणि एक संत, नाक झिजलेला.
राडका म्हणाली, तूच नाही का लग्नाच्या वर्षी टेकडीवरून ढकलगाडीतून आणलास? चपटा आहे, कोबीवर छान बसेल, म्हणालास. मी म्हटलं, मग आता बोलली का नाहीस? तर म्हणे, मला विचारलंस कधी?
असेल. म्हणजे जतनाचं काम मी तेव्हापासून करतोय! दुपारी नेवेनाबाई आल्या, त्यांना तसंच सांगितलं. त्या दगडावरून हात फिरवत म्हणाल्या, काका, अर्धी अक्षरं मिठानं खाल्ली हो. तेव्हा मात्र खरंच वाईट वाटलं.
कोबी त्यांनी दोनदा मागून घेतला.

२ मार्च
टोपी मिंचोला. सरपंच म्हणाले, त्याला गोठा नाही, डुकरीण वेल्कोकडे, सध्या रिकामा तोच आहे.
सरपंचांच्याच हुकमावरून मी त्याचा गोठा बांधून देतोय. मध्ययुगीन पद्धतीनं, ते वेगळं. गोटे कमी पडतायत.
मिंचो सकाळपासून दोनदा येऊन गेला, टोपी घालून. मी किल्ल्यावरचे दगड उचलत नाही ना, ते बघायला.