वर होडी, खाली टेम्पो

१२ एप्रिल १९७१, ईस्टरचा दुसरा दिवस
ह्युबर्टने टेम्पो घेतला. तीन चाकी, तोंड बेडकासारखं. उत्तनची मासळी भाईंदर स्टेशनला न्यायला. म्हणतो, आय, गॅरेजात टेम्पो ऱ्हाणार, वॉल्टरची होडी काढायला लागंल, गोराईचा एकजण मागतोय. मी म्हटलं, मागू दे. तुझा बापही जन्मभर मागत होता, मिळालं का काही?
होडी शर्यतीची. बारा हात लांब. तिने जन्मात एक मांदेली पकडली नाही, नुसती सणाला पळायची. धाकट्याची आठवण म्हणून ठेवते असं कुणी समजू नये, तसले नखरे मला नाहीत. सागवान विकू नये, एवढंच. शिवाय वॉल्टर यंदा येतोय. बोटीवर नोकरीला गेला त्याला पाच वर्षं झाली. पाच वर्षांनी माणूस येतोच.
ठरलं. लोखंडी रॅक करायचा. होडी वर, टेम्पो खाली.

२ मे
भाईंदर पूर्वेचा शिवा वेल्डर मापं घेऊन गेला. म्हणाला, मावशी, रॅकवर लोक डबे ठेवतात, होडी कोण ठेवतो? मी म्हटलं, ज्याच्याकडे होडी असते तो. जाड अँगल लावणार, आठ पाय. वीस वर्षं काय होत नाय म्हणाला, फक्त कोरडं ठेवा. कोरडंच राहणार. गॅरेज आहे, विहीर नव्हे.

१६ मे
नऊ माणसांनी चढवली. सून सेलेस्टिन कोपऱ्यात रोझरी म्हणत उभी, जसं काही मयत निघालंय. ह्युबर्टने टेम्पो आत घातला, वर बघितलं, क्रूस केला. आय, पडली तर? हा जन्मतःच भित्रा. वॉल्टर तीन वर्षांचा असताना धक्क्यावरून उडी मारायचा. (काढायला ह्युबर्टच जायचा. ते वेगळं.)

३० मे
वॉल्टरचं पत्र. यंदा सुट्टी नाही, पुढच्या वर्षी बघतो. होडीचं काही विचारलं नाही. कागद लहान होता.

४ मार्च १९७२
शिडीवर चढून बघितलं. वर पत्रा तापतो. फळ्या सुकून आकसल्या, फटीत माझी करंगळी जाते. आमचे हे म्हणायचे, होडी बुडून मरत नाही, तहानेने मरते. आजपासून रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी. गुडघे दुखतात, दुखू देत.
शिवा कोरडं ठेवा म्हणाला होता. त्याला होडीतलं काय कळतं.

२० मार्च
ह्युबर्टची तक्रार, वरचं पाणी सीटवर गळतं. पुस म्हटलं.

११ नोव्हेंबर
पावसाने यंदा दगा दिला. विहिरीत तळ दिसतो. सेलेस्टिनने पोहऱ्याचा दोर कपाटात घालून कुलूप लावलं. म्हणाली, पोरांना प्यायला न्हाय आन् तुमी लाकडाला पाजताय. बोलली ते खोटं नाही, पण सुनेने बोलू नये.
आजपासून समुद्राचं पाणी. कुणाच्या बापाच्या मालकीचं नाही. खारं पाणी होडीच्या ओळखीचंही आहे. हे आधीच का सुचलं नाही?

२० जानेवारी १९७३
फटी मिटल्या. लाकूड सुनेपेक्षा ऐकतं.

८ सप्टेंबर
शिवा टेम्पोचं दार जोडायला आला होता. ह्युबर्ट बाहेर. शिवाने रॅकच्या पायाला खिळा लावला तर पापडासारखा तुकडा निघाला. मग सगळे आठ पाय खरवडून बघितले. म्हणाला, मावशी, खारं पाणी टाकलं? लोखंड खाल्लं त्याने. ह्युबर्टला सांगा, होडी आजच्या आज उतरवा. सांगते म्हटलं.
संध्याकाळ. सांगितलं नाही. एकदा खाली उतरली की ह्युबर्ट ती गोराईला घालवणार. वॉल्टर नाताळला बघतो म्हणालाय. चार महिने काही जास्त नाहीत. लाल कलर आणून पाय रंगवले. नव्यासारखा दिसतो रॅक.

९ सप्टेंबर
आज सांगणार होते. जेवताना ह्युबर्टच्या घशात काटा अडकला. राहिलं.

२ ऑक्टोबर
ह्युबर्ट म्हणाला, आय, रॅक लय चकाचक हाय. म्हटलं, असणारच.

२६ डिसेंबर
वॉल्टर आला नाही. उद्या ह्युबर्टला सांगते.

२७ डिसेंबर
ह्युबर्ट टेम्पो घेऊन पहाटेच गेला. आजपासून दोनच्या जागी एकच बादली. तेवढं लोखंडाला सोसेल.

६ जानेवारी १९७४, तीन राजांचा सण
सकाळी अकरा. ह्युबर्ट खाली पडून टेम्पोचं चाक बदलत होता. मी ओट्यावर बोंबील निवडत होते. आधी कडकन आवाज, मग काहीच नाही, मग सेलेस्टिन.
उजवा पाय. गुडघ्याखाली.
होडीला ओरखडा नाही. सागवान.

२ फेब्रुवारी
मुंबईच्या हॉस्पिटलात पाय कापला. गुडघा वाचला, डॉक्टर म्हणतात नशीब. ह्युबर्ट पडल्या पडल्या शिवाला शिव्या देतो. चोराने हलका अँगल लावला, माजा पाय खाल्ला. आज शिवा बघायला आला होता. सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे एकदा बघितलं, खाऱ्या पाण्याचं नाव काढलं नाही. मी त्याला चहा दिला.
घरी न्यायला मिळाला की सांगते. आजारी माणसाला त्रास नको.

१४ मार्च
टेम्पो आता दुसऱ्याकडे. ह्युबर्ट ओट्यावर जाळी विणतो. शिवाने होडीचं एक वल्हं मागून नेलं होतं, ते कापून कुबडी करून पाठवली. नाव सांगितलं तर ह्युबर्ट फेकून देईल म्हणून मी सांगितलं, सुताराने केली.
माझं अक्षर वॉल्टरला लागत नाही, म्हणून नातीला, डॉरिसला, बसवून त्याला पत्र लिहवून घेतलं. तुझी होडी आठ वर्षं जिवापाड सांभाळली. अंगणात पडली आहे. येऊन घेऊन जा, नाहीतर काय करायचं ते कळव.

९ जून
वॉल्टरचं उत्तर. तिकडेच घर केलंय. बायको तिकडची. सगळ्यांना सलाम. ह्युबर्टच्या पायाचं ऐकून वाईट वाटलं. शेवटची ओळ डॉरिसने दोनदा वाचली, मीच वाचायला लावली.
आय, कुठची होडी?
मस्करी असेल. लहानपणापासून मस्करीखोर.
ह्युबर्ट ओट्यावरून ऐकत होता. कुबडी मागितली. मी दिली.
शिवाचं अजून सांगायचं आहे. उद्या सांगते.