वैद्य कोणी व्हायचं

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज मी तुला एका खेळाबद्दल लिहायला बसले आहे. माझी लेक, तुझी नात, जिला तू पाहिलंच नाहीस, आता अकरावीत आहे. तिनंच हा खेळ घरात आणला. ती गोष्ट सांगते आणि आपण त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. राक्षसांच्या गुहा पार करत टोळी पुढं जाते, काय जमलं नि काय फसलं ते फाशावर ठरतं. जगून वाचून पुढं गेलं की लेव्हल वाढते आणि प्रत्येक लेव्हलला आपलं माणूस एक नवी विद्या शिकतं. दर रविवारी आम्ही मायलेकी मंचरहून बोरीला आपल्या घरी येतो आणि जेवणं झाली की ओट्यावर चटई टाकून खेळायला बसतो. तुझी सून योद्धा, मी जादूगार, आणि तुझा लेक वैद्य. त्याला वैद्य मीच केलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुला जमेल," आणि त्यानं नुसती मान हलवली. पुढं दहाव्या लेव्हलपर्यंत कोणी केव्हा काय शिकायचं, हेही मीच वहीत आखून ठेवलं.

माझी ही खोड तुला ठाऊक होती. दहावीच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर नारायणगावला टोमॅटो मार्केटात यायचे. बायकांच्या टोळीची तू मुकादम. कोण माल निवडणार, कोण क्रेट भरणार, कोण गाडीशी उभी राहणार, ते तू ठरवायचीस. आठवडाभर बघून मी एका पुठ्ठ्यावर सगळ्या बायकांची कामं नव्यानं मांडली आणि तुझ्यापुढं धरली. तू हातातला माल निवडत निवडतच ते वाचलंस. "इचारलंस का त्यांला?" मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, असं केलं तर काम लवकर उरकेल. तू मान वर न करता म्हणालीस, "बाया म्हंजी काय क्रेट हायेत व्हय, हितनं उचलून तितं ठिवायला?" सगळ्यांनी ऐकलं. दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. मला राग याचा होता, की माझी मांडणी बरोबर होती. अजूनही वाटतं, बरोबरच होती.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हाही मांडणी मीच केली. उजवं अंग गेलेलं, डॉक्टर म्हणालेले वेळ लागेल. दवाखान्याच्या जिन्यात मी तुझ्या लेकाला सांगितलं, "मला आत्ताच पुण्यात नोकरी लागलीय, ती सोडून चालणार नाही. तू घरी थांब. आयटीआय पुढच्या वर्षी कर. मी दर शनिवारी येत जाईन." तो वीस वर्षांचा होता. तेव्हाही त्यानं नुसती मानच हलवली. पुढचं वर्ष गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. तुला कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं त्यानं केलं. आयटीआय राहिलं ते राहिलंच.

गेल्या रविवारी आमची टोळी सातव्या लेव्हलला पोचली. पुढं मोठी लढाई आहे, म्हणून मी वही उघडून वाचून दाखवते आहे. सुनेनं ढाल घ्यायची, मी आगीची विद्या घ्यायची, आणि वैद्यानं मेलेल्याला परत आणायची विद्या शिकायची.

"मला न्हाई पायजे ती," तो म्हणतो.

"अरे, पण ती नसेल तर आपल्यातला एक जण तरी जाईल."

"जाऊ दे."

मला वाटतं चेष्टा करतोय. मी पुन्हा समजावते, बोटानं ओळ दाखवते. तो वही मिटवून माझ्याकडं सरकवतो. "ताई, मी दोन वरसं हेच केलं. आईचं समदं केलं, आली का ती परत? हितं तरी मला तलवार घेऊ दे."

सून त्याच्याकडं बघते, मग चटईकडं. पोरीच्या मुठीत फासे तसेच राहतात. तो उठून मोटार बंद करायला विहिरीकडं गेला. खूप वेळ आला नाही. पोर हळूच म्हणाली, "आई, तू मामाला कधी विचारलं होतंस का?" ती खेळाबद्दलच विचारत होती.

तो परत आला तेव्हा मी वैद्याच्या विद्या लिहिलेला त्याचा कागद माझ्यापुढं ओढून घेतला होता. मला ते काम नव्यानं, पहिल्या पायरीपासून शिकावं लागणार होतं. नियम तसाच आहे. लढाईत तो तलवार घेऊन पुढं उभा राहिला, एकामागून एक वार केले, आणि इतका रंगलेला मी त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता. सुनेला वर्मी घाव बसला. मी फासे टाकले. माझ्या कच्च्या विद्येला ती जखम आवरली नाही. तिचा योद्धा गेला. ती म्हणाली, "बरं झालं बाई, लई जड व्हती ती ढाल. आता मी चोर हुते." सगळे हसले, तोही हसला.

निघताना तो गाडीपर्यंत आला. पोर आधीच आत बसली होती. दार धरून तो म्हणाला, "मगाशी जास्तीच बोललो." मी म्हटलं, नाही. तरी त्यानं दार सोडलं नाही. "आई शनवारी तुझी वाट बघायची. तू न्हाई आलीस का मी सांगायचो, पुण्यात गर्दी लई व्हती, ताईला बस न्हाई घावली." आणि माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "खरंच न्हाई ना घावायची?"

मी म्हटलं, "नाही रे. लई गर्दी असायची." त्यानं मान हलवली आणि दार लावलं.

ही पानं मी त्याला दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत ती पोचायची नाहीत, म्हणून इथं लिहिते. बस मिळायची, आई. कित्येक शनिवारी मी स्टँडवर यायचे, बस लागलेली असायची, आत जागाही असायची. ती सुटेपर्यंत मी बाकड्यावर बसून राहायचे आणि मग खोलीवर परत जायचे.